गाळलेल्या जागा

'गाळलेल्या जागा भरा' हा प्रश्न आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. प्राथमिक शाळेच्या पहिल्या इयत्तांपासून तो विद्यार्थ्यांची सोबत करीत असतो. त्या प्रश्नात एक मोठी सोय असते. गाळलेला शब्द कोणता हे प्रश्न काढणाऱ्याला ठाऊक असते, कारण तो त्यानेच गाळलेला असतो. विद्यार्थी चुकला तर लाल शाई ती चूक दाखविते आणि बरोबर उत्तर पुढल्या वेळी पाठ होते. परंतु जगाच्या व्यवहारात अशाही गाळलेल्या जागा असतात की ज्यांचे उत्तर कोणाच्याच जवळ नसते. पावसाची नोंदवही, उष्णतामानाचा तक्ता, बंदरातील भरती-ओहोटीच्या नोंदी अशा ठिकाणी एखाद्या दिवसाचा आकडा लिहावयाचा राहून जातो. तो दिवस तर निघून गेलेला असतो आणि तो पुन्हा मोजण्याची सोय नसते. मग ती जागा मोकळीच ठेवावी की भरावी? भरावयाची तर कोणत्या रीतीने? आणि भरलेला आकडा व मोजलेला आकडा ह्यांतील भेद कसा राखावा? ह्या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मी भाषेचा शिक्षक. आकड्यांच्या प्रांतात माझा संचार बेताचाच. तथापि शाळेच्या आवारातील पर्जन्यमापकाची नोंदवही काही वर्षे माझ्याकडे आहे आणि ह्या विषयाचा पहिला धडा मला तिच्यातच मिळाला.

पर्जन्यमापकाची रचना साधी असते. वर एक नरसाळे, त्याखाली पाणी साठविणारे भांडे आणि शेजारी मोजण्यासाठी खुणा केलेले काचेचे पात्र. आपल्या देशाच्या हवामान खात्याच्या रीतीप्रमाणे सकाळी साडेआठ वाजता साठलेले पाणी मोजावयाचे आणि मागील चोवीस तासांचा पाऊस म्हणून त्या दिवसाच्या नावे लिहावयाचा. मोजल्यावर भांडे रिकामे करून पुन्हा जागेवर ठेवावयाचे. आमच्या शाळेत हे काम आठवीतील विद्यार्थी पाळीपाळीने करतात. अडचण येते ती रविवारची. शाळा बंद असते, पाऊस मात्र सुटी घेत नाही.

जुलै महिन्यातील एका सोमवारी मी वही पाहिली. शनिवारी ३० मिलिमीटर, सोमवारी ६४ मिलिमीटर आणि मधल्या रविवारी ४७ मिलिमीटर अशी नोंद होती. रविवारी तर शाळेचे फाटकही उघडले नव्हते! मी त्या मुलाला विचारले, "अरे, हा आकडा आला कोठून?" तो निरागसपणे म्हणाला, "सर, जागा रिकामी वाईट दिसत होती. तीस आणि चौसष्ट ह्यांची सरासरी काढली, सत्तेचाळीस आली, ती लिहिली."

त्या मुलाच्या मनात फसविण्याचा हेतू मुळीच नव्हता. गणित त्याने बरोबर केले होते. ३० आणि ६४ ह्यांची बेरीज ९४, तिचे निम्मे ४७. तरीसुद्धा त्याच्या हातून दोन चुका घडल्या होत्या आणि त्या दोन्ही समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली चूक अशी की, मापकाचे भांडे शनिवारी सकाळी रिकामे केल्यानंतर ते सोमवारी सकाळपर्यंत कोणीही हलविले नव्हते. सोमवारी मोजलेले ६४ मिलिमीटर पाणी केवळ एका दिवसाचे नव्हते, ते दोन दिवसांचे होते. रविवारचा पाऊस हरवला नव्हता, तो सोमवारच्या आकड्यात सुरक्षित बसलेला होता. आता रविवारी आणखी ४७ लिहिले म्हणजे रविवारचा पाऊस दोनदा मोजला गेला. महिन्याची बेरीज केली असती तर ती आकाशातून पडलेल्या पाण्यापेक्षा ४७ मिलिमीटरने अधिक आली असती. अशा चार रविवारी हाच प्रकार झाला तर जुलैचा पाऊस कोठल्या कोठे जाईल! जागा भरण्यापूर्वी 'येथे खरोखर काय हरवले आहे?' हा प्रश्न विचारावयास हवा होता. येथे बेरीज हरवली नव्हती. हरवली होती ती केवळ वाटणी.

वाटणी करावयाची तर कशी करावी? ह्यासाठी शेजाऱ्याची मदत घ्यावी. समजा, जवळच्याच गावातील मापकावर रविवारी सकाळी १२ आणि सोमवारी सकाळी ३६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. म्हणजे तेथे दोन दिवसांत ४८ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याची वाटणी एकास तीन ह्या प्रमाणात झाली. तेच प्रमाण आपल्या ६४ ला लावले तर रविवारी १६ आणि सोमवारी ४८ मिलिमीटर येतात. बेरीज जशीच्या तशी ६४ राहते. ही वाटणी अंदाजाची खरी, पण तिला आधार आहे आणि मोजलेल्या पाण्याच्या एका थेंबाचीही ती खोटी वाढ करीत नाही.

दुसरी चूक अशी की, भरलेला आकडा त्याने मोजलेल्या आकड्यांसारखाच, त्याच शाईने, त्याच रकान्यात लिहिला. तो मुलगा उत्तीर्ण होऊन गेल्यावर ही वही पाहणाऱ्याला कसे कळावे की हा ४७ पर्जन्यमापकाने सांगितलेला नसून एका विद्यार्थ्याने बेरीज-भागाकार करून आणलेला आहे? ह्या दुसऱ्या चुकीकडे आपण पुढे पुन्हा वळू.

आता पर्जन्यमापकाच्या जागी उष्णतामापक आहे असे समजा. सकाळी साडेआठचे उष्णतामान रोज वाचावयाचे आहे. ते रविवारी वाचावयाचे राहिले, तर सोमवारच्या वाचनात रविवारची ऊब साठून राहिलेली नसते. तो आकडा खरोखरच गेला. परंतु येथे दुसरी एक अनुकूल गोष्ट आहे. आपल्याकडे हवेचे उष्णतामान एका दिवसातून दुसऱ्या दिवसात एकाएकी उडी घेत नाही, ते बहुधा सरकत जाते. म्हणून दोन्ही बाजूंच्या आकड्यांवरून मधला आकडा काढणे समंजसपणाचे ठरते. समजा, शुक्रवारी २७.४ अंश आणि सोमवारी २६.५ अंश अशी नोंद आहे, शनिवार व रविवार ह्या दोन दिवसांची नोंद नाही. शुक्रवारपासून सोमवारपर्यंत पावले तीन आणि एकूण उतार ०.९ अंश. म्हणजे प्रत्येक पावलास ०.३ अंश. शनिवारी २७.१ आणि रविवारी २६.८ हे आकडे मिळाले. आलेखाच्या कागदावर दोन ठिपके सरळ रेघेने जोडून मधले ठिपके त्या रेघेवर मांडावे, तसेच हे झाले. ह्या रीतीला गणितात 'अंतर्वेशन' म्हणतात. दोन ज्ञात आकड्यांच्या आत शिरून अज्ञात आकडा शोधणे, असा त्या शब्दाचा अर्थ आहे. ज्ञात आकड्यांच्या पलीकडे जाऊन अंदाज बांधला तर ते 'बहिर्वेशन' होय, आणि त्यात धोका पुष्कळच अधिक असतो, कारण तेथे एका बाजूचा आधारच नसतो.

अंतर्वेशनाची विद्या परदेशातून अलीकडे आलेली आहे असे कोणी समजू नये. आपल्या प्राचीन ज्योतिर्गणितात ती चांगलीच रुजलेली होती. ग्रहांची स्थाने काढण्यासाठी कोनांच्या ज्या लागत. प्रत्येक कोनाची ज्या स्वतंत्रपणे काढणे कष्टाचे, म्हणून ठराविक अंतराने कोष्टक करीत आणि मधल्या कोनांसाठी अंतर्वेशन करीत. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६६५ मध्ये रचलेल्या 'खंडखाद्यक' ग्रंथात पंधरा-पंधरा अंशांच्या अंतराने असे कोष्टक आहे. त्रिज्या १५० धरली असता १५, ३०, ४५, ६०, ७५ आणि ९० अंशांच्या ज्या अनुक्रमे ३९, ७५, १०६, १३०, १४५ आणि १५० अशा येतात.

ह्यात साडेबावन्न अंशांची ज्या हवी आहे. हा कोन ४५ आणि ६० ह्यांच्या नेमका मध्यावर आहे. सरळ रेघेच्या रीतीने १०६ आणि १३० ह्यांचा मध्य, म्हणजे ११८ हे उत्तर मिळते. परंतु कोष्टकातील फरकांकडे पाहा. ३९, ३६, ३१, २४, १५, ५ असे ते घटत जातात. म्हणजे ज्या वाढते खरी, पण तिची वाढ मंदावत जाते. सरळ रेघेला ही मंदावणारी चाल दिसत नाही. ब्रह्मगुप्ताने ती हिशेबात घेतली. मागचा फरक ३१ आणि पुढचा फरक २४, ह्यांची निम्मी बेरीज २७.५. त्या दोहोंच्या अंतराचे निम्मे ३.५. आपण मधल्या खंडात निम्मी वाट चाललो आहोत म्हणून त्याचे पुन्हा निम्मे, १.७५. हे २७.५ मधून वजा करून २५.७५ राहिले. वाट निम्मी म्हणून ह्याचेही निम्मे, १२.८७५. ते १०६ मध्ये मिळविले म्हणजे ११८.८७५ हे उत्तर येते. आजच्या कोष्टकाप्रमाणे खरे उत्तर ११९.० आहे. सरळ रेघ एक पूर्ण एककाने चुकली, ब्रह्मगुप्ताची रीत एककाच्या अष्टमांशाइतकीच चुकली. केवळ दोन शेजाऱ्यांना न विचारता त्यांच्या पलीकडच्या शेजाऱ्यालाही विचारल्याचा हा लाभ.

परंतु येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. ज्यांचे कोष्टक नियमाने बांधलेले असते. भरलेली जागा बरोबर आहे की चूक, हे भूमितीच्या आधारे केव्हाही तपासता येते. 'गाळलेल्या जागा भरा' ह्या परीक्षेतील प्रश्नासारखेच ते आहे, उत्तर कोठेतरी आहेच. पावसाच्या किंवा उष्णतामानाच्या नोंदीत तसे नाही. निसर्गाने आपली उत्तरपत्रिका कोठेही जपून ठेवलेली नाही. म्हणून तेथे भरलेला प्रत्येक आकडा हा कायमचाच अंदाज राहतो, आणि अंदाज करणाऱ्याची जबाबदारी वाढते.

मोकळी जागा किती लांब असावी म्हणजे ती भरणे योग्य ठरेल? ह्याचे उत्तर दिवसांच्या किंवा तासांच्या ठराविक संख्येत देता येत नाही. मोजावयाच्या वस्तूची स्वतःची लय किती लांब आहे, ह्यावर ते अवलंबून असते. किनाऱ्यावर राहणाऱ्या आपणांस भरती-ओहोटीचे उदाहरण सहज पटेल. आपल्या किनाऱ्यावर एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे बारा तास पंचवीस मिनिटे जातात. बंदरातील पाण्याची उंची दर तासाला लिहिली जात आहे आणि मधला एका तासाचा आकडा राहिला आहे असे समजा. दोन्ही बाजूंच्या आकड्यांवरून तो भरला तर फारसे बिघडणार नाही. परंतु एका भरतीच्या शिखरापासून दुसऱ्या भरतीच्या शिखरापर्यंतचे सर्व आकडे हरवले आणि आपण दोन शिखरे सरळ रेघेने जोडली, तर काय होईल? रेघ जवळजवळ आडवी येईल आणि मधली संपूर्ण ओहोटी नाहीशी होईल! कागदावर पाहणाऱ्याला वाटेल की त्या दिवशी समुद्र बारा तास फुगून स्तब्ध उभा होता. तिसऱ्या प्रहरी उघड्या पडलेल्या खडकांवर तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांना मात्र खरे काय ते माहीत असते. तात्पर्य, जी लय मोजावयाची तिच्या मानाने मोकळी जागा आखूड असेल तरच सरळ रेघ विश्वासाची. जागा लयीइतकी लांब झाली की तीच रेघ असत्य सांगू लागते.

पावसाच्या बाबतीत तर सरळ रेघ एका दिवसासाठीसुद्धा चालत नाही, कारण पाऊस सरकत नाही, तो सरींनी येतो. काल कोरडे, आज धो धो, उद्या पुन्हा ऊन, हा आपला नित्याचा अनुभव. म्हणून एखाद्या दिवशी पर्जन्यमापक उलटला, फुटला किंवा त्याचे पाणी सांडले तर आदल्या आणि दुसऱ्या दिवशीच्या आकड्यांना विचारून उपयोग नाही. विचारावयाचे ते त्याच दिवशीच्या शेजारच्या मापकांना. कालाऐवजी स्थलाचा आधार घ्यावयाचा. पण शेजारी सारखे नसतात. आपल्या गोव्यातच पाहा ना! किनाऱ्यावरील पणजीला वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी, वाळपईच्या बाजूला, तो ह्याहून पुष्कळ अधिक असतो. घाट चढून बेळगावास जावे तर तो पणजीच्या निम्म्यापेक्षाही कमी भरतो. अशा वेळी तीन शेजाऱ्यांची नुसती सरासरी काढली तर अधिक पावसाचा शेजारी आपला आकडा फुगवितो.

ह्यावर जलविज्ञानात एक सुंदर तोड आहे. प्रत्येक शेजाऱ्याचा त्या दिवशीचा पाऊस त्याच्या स्वतःच्या वार्षिक सरासरीच्या कितवा भाग आहे हे पाहावे, त्या भागांची सरासरी काढावी आणि ती आपल्या वार्षिक सरासरीला लावावी. उदाहरणासाठी सोपे आकडे घेऊ. आपल्या ठिकाणची वार्षिक सरासरी ३००० मिलिमीटर आहे. तीन शेजाऱ्यांच्या सरासऱ्या २७००, ३३०० आणि ४००० आहेत. त्या दिवशी त्यांच्याकडे अनुक्रमे ५४, ६६ आणि १०० मिलिमीटर पाऊस पडला. नुसती सरासरी काढली तर ७३ हून थोडी अधिक येते. भागांच्या रीतीने मात्र ०.०२०, ०.०२० आणि ०.०२५ ह्यांची सरासरी सुमारे ०.०२१७ येते आणि तिला ३००० ने गुणले म्हणजे ६५ मिलिमीटर मिळतात. शेजारी जेवढा श्रीमंत, तेवढ्या प्रमाणात त्याचा शब्द तोलून घ्यावा, असा हा न्याय आहे. सर्व शेजाऱ्यांच्या वार्षिक सरासऱ्या आपल्या सरासरीच्या दहा टक्क्यांच्या आतबाहेर असतील तर साधी सरासरीही चालते.

आता एका जगप्रसिद्ध मोकळ्या जागेची हकीकत सांगतो. हवाई बेटांवर मौना लोआ नावाचा ज्वालामुखी पर्वत आहे. त्याच्या उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० मीटर उंचीवर, चार्ल्स डेव्हिड कीलिंग ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने मार्च १९५८ मध्ये हवेतील कार्बन डायऑक्साइड वायूचे अखंड मापन सुरू केले. तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत ह्या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत. माणसाने जाळलेल्या कोळशाचा आणि तेलाचा हिशेब हवेत कसा जमा होत गेला, हे दाखविणारी ही नोंद सर्व जगात प्रमाण मानली जाते. तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. प्रत्येक वर्षी मे महिन्याच्या सुमारास आकडा शिखरावर असतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाला जातो, कारण उत्तर गोलार्धातील वनस्पती उन्हाळ्यात हा वायू शोषून घेतात. शिखर आणि तळ ह्यांत सुमारे ६ भागांचे अंतर असते. जणू सारी पृथ्वी वर्षातून एकदा श्वास घेते आणि सोडते.

अशा मोलाच्या नोंदीत १९६४ साली तीन महिन्यांची मोकळी जागा पडली. संशोधनाला मिळणाऱ्या पैशांत कपात झाली, मापन थांबले आणि फेब्रुवारी, मार्च व एप्रिल ह्या महिन्यांचे आकडे मिळालेच नाहीत. आता त्या वर्षाची सरासरी कशी काढावी? उरलेल्या नऊ महिन्यांची काढली तर ती सुमारे ३१९.२ येते. परंतु हरवलेले तीनही महिने चढाचे, म्हणजे वार्षिक सरासरीहून वरच्या आकड्यांचे होते. ते वगळले म्हणजे तळाच्या महिन्यांचे वजन वाढते आणि सरासरी खाली ओढली जाते. जागा मोकळी ठेवणे हाही नेहमीच निरुपद्रवी मार्ग नसतो, हे येथे दिसून येते. शास्त्रज्ञांनी म्हणून असे केले : आसपासच्या वर्षांवरून प्रत्येक महिन्याचा नेहमीचा चढ किंवा उतार किती असतो तो काढला. तो चढ-उतार नोंदीतून वजा केल्यावर जी संथ, जवळजवळ सरळ वाढ उरते, तिच्यावर हरवलेल्या महिन्यांचे ठिपके रेघेने भरले, आणि मग त्या त्या महिन्याचा नेहमीचा चढ-उतार पुन्हा त्यांत मिळविला. असे करून आलेले आकडे सुमारे ३२०.१, ३२०.७ आणि ३२१.८ आहेत. ते धरून त्या वर्षाची सरासरी ३१९.६ येते. भरती-ओहोटीच्या उदाहरणात सरळ रेघेने जी लय पुसून टाकली असती, ती लय येथे आधी ओळखली, बाजूला ठेवली आणि शेवटी परत जागेवर बसविली.

परंतु मला ह्याहूनही अधिक मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. ह्या मापनांचा जो मासिक तक्ता अमेरिकेत कित्येक वर्षे प्रसिद्ध होत आला, त्यात दोन रकाने शेजारी शेजारी ठेवलेले होते. एका रकान्यात प्रत्यक्ष मोजलेली मासिक सरासरी आणि दुसऱ्यात जागा भरून पूर्ण केलेली मालिका. पहिल्या रकान्यात हरवलेल्या महिन्यापुढे 'उणे ९९.९९' असा आकडा लिहिलेला असे. हवेत कोणताही वायू उणे असू शकत नाही. अर्थात हा आकडा नव्हेच, ती 'येथे मापन नाही' अशी खूण आहे. मात्र ही खूण न ओळखता कोणी तीही बेरजेत धरली तर काय होईल पाहा. नऊ महिन्यांची बेरीज सुमारे २८७३, तीतून तीन वेळा ९९.९९ म्हणजे सुमारे ३०० वजा, आणि उरलेल्या २५७३ ला १२ ने भाग. उत्तर २१४! संगणक हा हिशेब निमिषार्धात करून देतो आणि तक्रारही करीत नाही. आपल्या वहीत कोणी मोकळ्या जागी शून्य लिहितात, तोही ह्याच जातीचा प्रमाद होय. 'पाऊस पडला नाही' आणि 'पाऊस मोजला नाही' ही दोन वाक्ये अगदी निराळी आहेत. पहिल्यासाठी शून्य लिहावे, दुसऱ्यासाठी कधीही लिहू नये.

एवढ्यावर ही कथा संपत नाही. नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस मौना लोआचा उद्रेक झाला, लाव्हारसाने रस्ता आणि वीजवाहिनी तोडली आणि मापन पुन्हा थांबले. ह्या वेळी मात्र फार वाट न पाहता त्याच बेटावरील मौना केआ ह्या दुसऱ्या पर्वतावर डिसेंबरात तात्पुरते मापन सुरू करण्यात आले आणि कोणत्या काळातील आकडे कोणत्या पर्वतावरचे आहेत, हे नोंदीबरोबर स्पष्ट लिहून ठेवले गेले.

मोकळी जागा भरण्यापेक्षा ती पडूच न देणे केव्हाही श्रेयस्कर. ह्याचा एक आदर्श आपल्या घराजवळच आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मापने होत असत. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणावयाचे ठरले. विजेच्या प्रवाहाने वेधशाळेतील नाजूक चुंबकसूच्या विचलित होणार हे उघड होते. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस ह्यांनी समुद्रापलीकडे अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा उभारली. ती १९०४ मध्ये सुरू झाली. परंतु कुलाब्याचे काम त्यांनी लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मापने घेतली, म्हणजे दोन ठिकाणच्या आकड्यांतील अंतर किती हे पक्के कळले आणि जुनी मालिका नव्या मालिकेशी नीट सांधता आली. विजेची ट्राम मुंबईच्या रस्त्यावर धावली ती १९०७ मध्ये. संकट येण्यापूर्वी दूरदर्शीपणाने सांधा तयार ठेवला, म्हणून ती नोंद तुटली नाही.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या रीतीवर किती विश्वास ठेवावा हे तपासण्याचा एक सोपा प्रयोग सांगतो. तो घरीही करता येईल. वर्तमानपत्रात रोज येणारे कमाल उष्णतामान महिनाभर एका वहीत लिहा. महिना संपल्यावर कागदाच्या चिठोऱ्यांनी त्यातील पाच आकडे झाका. सरळ रेघेच्या रीतीने ते पाच आकडे काढा आणि मग चिठोऱ्या उचलून खऱ्या आकड्यांशी ताडून पाहा. प्रत्येक वेळी किती अंशांनी चुकलात ते लिहा. नंतर एक-एक सुटा दिवस झाकण्याऐवजी सलग पाच दिवस झाकून हेच करा. बहुधा चूक वाढलेली आढळेल. ज्या नोंदी आपल्याजवळ आहेत त्यांच्यावर रीतीची परीक्षा घेतल्यावाचून, ज्या नाहीत त्यांच्यासाठी ती वापरू नये.

आणखी एक सावधगिरी. जागा मोकळी का पडली, हेही विचारले पाहिजे. विद्यार्थी आजारी पडल्यामुळे एका दिवसाचा आकडा राहिला, तर त्या दिवसाच्या पावसाचा आणि आजाराचा संबंध नसतो. परंतु ओढ्याला पूर आल्यामुळे विद्यार्थी शाळेत पोचू शकला नाही, किंवा मापकाचे भांडे भरून वाहिले, तर तीच जागा वर्षातील सर्वांत मोठ्या पावसाची असण्याचा संभव असतो. तेथे महिन्याची सरासरी भरणे म्हणजे पुराच्या दिवशी रिमझिम पडली असे लिहिण्यासारखे आहे. पुढे त्याच वहीवरून कोणी साकवाची उंची किंवा गटाराची रुंदी ठरविली तर त्या एका गुळगुळीत आकड्याची किंमत साऱ्या गावाला मोजावी लागेल.

आता त्या ४७ कडे परत वळू. आम्ही तो आकडा खोडरबराने पुसला नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारली, म्हणजे खाली काय होते ते वाचता येते. रविवारपुढे 'मापन नाही' आणि सोमवारच्या ६४ पुढे 'दोन दिवसांचा एकत्रित पाऊस' असे लिहिले. मग वहीच्या उजव्या बाजूस पेन्सिलीने एक नवा रकाना आखला आणि त्यास 'अंदाजित' असे नाव दिले. ज्या जागा भरल्या जातील त्या ह्या रकान्यात, आणि त्यांच्यापुढे कोणत्या रीतीने भरल्या हे एका ओळीत. हे सर्व त्याच मुलाने स्वतःच्या हाताने केले. त्या वर्षीच्या जुलैची बेरीज आता बरोबर आहे, आणि ती बरोबर का आहे हे वही उघडणाऱ्या कोणालाही विचारपूस न करता कळते.

रिकामी जागा दिसावयास वाईट असते हे खरे. पण तिच्यात अप्रामाणिकपणा नसतो. 'हे मला माहीत नाही' एवढेच ती सांगते. विचारपूर्वक भरलेली आणि खूण करून ठेवलेली जागाही प्रामाणिक असते. 'हे मला असे वाटते, आणि ह्या कारणासाठी वाटते' असे तिचे सांगणे असते. गुपचूप भरलेली जागा तेवढी वाईट, कारण एकदा ती उघडकीस आली म्हणजे शेजारच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. वहीत तीनशे चौसष्ट आकडे घाम गाळून मोजलेले असतील, आणि एका न मोजलेल्या आकड्यासाठी ते सारे संशयात सापडावेत, हे कोणाही मोजणाऱ्याला परवडणारे नाही. आमचा पर्जन्यमापक यंदाही शाळेच्या आवारात उभा आहे. ह्या वर्षी रविवारची पाळी घेण्यास शाळेजवळ राहणारे दोन विद्यार्थी आपण होऊन पुढे आले आहेत, आणि 'अंदाजित' हा रकाना त्यामुळे बराचसा रिकामा राहिला आहे. ह्या एका रकान्याचे रिकामेपण मात्र मला पाहावयास फार आवडते.